वांग्यांखालचा बोळ

रविवार, २२ जून १९७५

आज आत मेणबत्ती विझली. दोनदा पेटवली, दोनदा विझली. मन्सूर म्हणाला, "वारा नाही." मी म्हटलं, "शहाण्या, वारा नसताना मेणबत्ती विझेल कशी?" मग माझ्या लक्षात आलं की मलाही मघापासून धाप लागतेय. टोकापासून तोंडापर्यंत गुडघ्यांवर मी ज्या वेगाने आलो, त्या वेगाने पाच वाजता कचेरीतूनही कधी सुटलो नसेन. बाहेर येऊन अंगणात उताणा पडलो. रझियावहिनींनी पाणी आणून दिलं. काही विचारलं नाही. चार वर्षांत त्यांनी कधीच काही विचारलेलं नाही, फक्त एकदा म्हणाल्या होत्या, "दुसऱ्यांचे नवरे दारू पितात, त्यापेक्षा बरं."

आम्ही त्याला बोळ म्हणतो. भुयार म्हटलं की काहीतरी ऐतिहासिक वाटतं आणि आमचं काही ऐतिहासिक नाही. एकाहत्तरच्या लढाईत, विमानं आली तर लपायला अंगणात खंदक खणा असं सांगत होते. मन्सूरचं घर येरवड्याला, पुढे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान, मागे मोठं अंगण. शाळेपासूनचा दोस्त, म्हणून मी रविवारी मदतीला गेलो. विमानं आली नाहीत. लढाई दोन आठवड्यांत आटोपली. सगळ्यांनी खंदक बुजवले. आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा कुदळ घेऊन उतरलो आणि आडवं खणायला लागलो. का, ते मला सांगता येणार नाही. मन्सूर म्हणतो, "पुढे काय आहे बघू." पुढे मुरूमच असतो. पण आत गेलं की हेडक्लार्क नाही, जिन्यावरचे शेजारी नाहीत, कोणी 'जोशी, जरा इकडे या' म्हणत नाही. कुदळ मारायची, घमेलं भरायचं, मागे सारायचं. आठवडाभर मी त्या वासाची वाट बघतो.

हेमाला सांगितलंय की मन्सूरकडे रमी खेळतो. कपडे तिथेच बदलतो, हातपाय धुऊन येतो. ती कधीतरी विचारते, "जिंकता का हो कधी?" मी म्हणतो, "कधी कधी."

दिशेचं काम माझं. जुन्या बाजारातून होकायंत्र घेतलंय, त्यावर बघून मी सांगतो आणि मन्सूर खणतो. अंगणामागे उजवीकडे तुरुंगाची शेती आहे, डावीकडे ओढा. आपण ओढ्याकडे चाललोय. एकदा काठाला तोंड फुटलं की वाराच वारा. तोवर पुढच्या रविवारी छतातून पाइप वर ठोकायचा आणि हवेला वाट करायची असं ठरलंय.

आज तुरुंगाचे टोल आत फार जवळ वाटले. मन्सूर म्हणाला, जमिनीतून आवाज लांबवर येतो. येत असेल.

गुरुवार, २६ जून

सकाळी रेडिओवर आणीबाणी जाहीर झाली. कचेरीत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. काहींना पहाटेच उचललं म्हणतात. कोणाला, कुठे नेलं, विचारायची सोय नाही. हेडक्लार्क म्हणाले, "आता जरा शिस्त येईल," आणि माझ्या चहाच्या कपाकडे बघितलं.

घरी आल्यावर हेमा म्हणाली, "तुमचं तोंड एवढंसं का झालंय? तुम्ही काय केलंय?" तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण तुरुंगाच्या शेजारी जमिनीखाली चार वर्षं खणणारा माणूस हा प्रश्न सरळ मनाने कसा ऐकणार?

रविवार, २९ जून

अक्षर वाचता येईल न येईल.

पाइप वर गेला. मन्सूरने तुकड्याला तुकडा जोडत ठोकत नेला, आतली माती तारेने ढकलून काढली, आणि वर रुपयाएवढा उजेड दिसला. गार वारा आला. आम्ही दोघं खुळ्यासारखे हसलो. मग तारेच्या टोकाला लाल चिंधी बांधून वर सारली आणि ती ओढ्याच्या काठावर कुठे निघाली ते बघायला रझियावहिनी गेल्या.

बराच वेळ झाला. मग बोळाच्या तोंडाशी त्यांचा आवाज आला. धड आवाज नव्हताच तो.

"ओढ्यावर नाही. तुरुंगाच्या वांग्यांत आहे. कैदी खुरपतायत. शिपाई उभा आहे."

मन्सूरने तार खाली ओढली. अडकली. पुन्हा ओढली. तार आली, चिंधी वरच राहिली.

वहिनी पुन्हा रस्त्यावर गेल्या आणि भाजी घ्यायला निघाल्यासारख्या कुंपणाकडेने आल्या. त्यांच्यादेखत एका म्हाताऱ्या कैद्याने चिंधी उचलली, झटकली, मान पुसली आणि खिशात कोंबली. शिपायाचं लक्ष नव्हतं. तो कैदी मात्र जमिनीकडे जरा वेळ बघत राहिला म्हणे. पाइप आम्ही वीत-वीत करत खाली काढला आणि भोकात ओल्या चिखलाचे गोळे कोंबले. मन्सूरचे ओठ हलत होते, दुआ म्हणत असावा. मीही रामरक्षेला सुरुवात केली आणि मधलंच विसरलो.

बाहेर आल्यावर मी होकायंत्र हातात घेऊन अंगणात उभा राहिलो. सुई बरोबर होती. मग मन्सूर पहार उचलून माझ्याजवळून गेला आणि सुई त्याच्या मागे वळली. चक्क वळली. तो लांब गेला, सुई परत जागेवर आली.

चार वर्षं मी आत बसून, मांडीशी पहार, पुढ्यात लोखंडी घमेलं, बाजूला कंदील, अशी दिशा बघत होतो. दर रविवारी बोळ थोडा थोडा उजवीकडे वळत गेला. मन्सूर खाली बसला. म्हणाला, "आणि पहार तुझ्या मांडीशी मीच ठेवायचो. खाली पडली तर आवाज नको म्हणून."

बुधवार, २ जुलै

मन्सूर दुपारी कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर आला. आजूबाजूला चार लोक, म्हणून आम्ही पंपाबद्दल बोलावं तसं बोललो.

नुसतं बोळाचं तोंड बंद करून भागणार नाही. वांग्यांखालचं छत कच्चं आहे, तिथे आम्ही टेकूच्या बल्ल्याही विरळ लावल्यात. पावसाने जमीन भिजली की ते खचणार. मग तुरुंगाच्या शेतात एक लांबलचक खळगा पडणार आणि तो सरळ मन्सूरच्या कुंपणाकडे बोट दाखवणार. तुरुंगात सध्या कोण कोण भरलंय ते सगळ्या पुण्याला माहीत आहे. अशा वेळी 'साहेब, आम्ही हौस म्हणून खणतो' हे कोण ऐकणार? आणि घर मन्सूरचं. आधी तोच आत जाणार, आणि खटला नाही, सुनावणी नाही.

तेव्हा बोळ भरला पाहिजे, ठासून भरला पाहिजे, आणि जोराचे पाऊस लागायच्या आत.

आता खरी गंमत. भरायचा कशाने? बोळ खणणाऱ्याची सगळी अक्कल मुरूम नाहीसा करण्यात जाते. चार वर्षं आम्ही तो वाटला. शाळेच्या खोखोच्या मैदानाला दिला, मशिदीच्या आवाराला दिला, गणपती मंडळाच्या चौथऱ्याला दिला, शेजारच्या घराच्या जोत्यात घातला. लोक दुवा देत होते. मंडळाने मन्सूरला नारळ दिला होता. आता कोणत्या तोंडाने परत मागायचा? विकतचा गाडीभर मागवला तर गल्ली विचारणार, एवढा मुरूम गेला कुठे?

मन्सूर म्हणाला, "तू रविवारी ये तर खरा. दोघं मिळून काढू काहीतरी मार्ग."

मी हो म्हटलं.

रविवार, ६ जुलै

गेलो होतो. शपथेवर सांगतो, गेलो होतो. येरवड्याला बसमधून उतरलो, मन्सूरच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो. तिथे एक हवालदार बाकावर बसून चहा पीत होता. आजवर तिथे हवालदार मी कधी पाहिला नव्हता.

"कुठं चाललात साहेब?"

तोंडातून आपोआप निघालं, "पत्ते खेळायला."

"पत्ते? पैसे लावून?"

"नाही, नाही. पैसे कुठले. म्हणजे पत्तेच नाही. मित्राला बघायला. आजारी आहे."

"कोण मित्र? कोणतं घर?"

मी म्हटलं, गल्ली चुकली वाटतं, आणि वळलो. तो हसला असावा, मी मागे बघितलं नाही. आलो त्याच बसने परत. कंडक्टरनेही ओळखल्यासारखं केलं.

मी गेलो असतो तर हवालदार माझ्या मागोमाग मन्सूरच्या दारात आला असता. तेव्हा परत फिरलो हेच शहाणपणाचं. मन्सूरलाही पटेल.

रविवार, १३ जुलै

खोकला आहे. गेलो नाही.

हेमा म्हणाली, "आज रमी नाही?"

"खोकला झालाय."

"ऐकू आला नाही तो."

मग खोकून दाखवला.

मंगळवार, १५ जुलै

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली आणि दारातून बाईचा आवाज आला, "दीनूभाऊ आहेत का?" रझियावहिनी. त्या आमच्या घरी ईद-दिवाळीशिवाय कधी आल्या नाहीत. मी हेमाला हाताने खूण केली, नाही म्हणून सांग, आणि कपाटामागे जाऊन उभा राहिलो. कपाटामागे. पन्नाशीचा माणूस.

हेमा बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं. दोघी जिन्यात बोलत होत्या. शब्द येत नव्हते, मध्येच एक हुंदका आला. खूप वेळाने हेमा एकटी आत आली आणि तिने पाट घेतला, माझ्यासाठी नव्हे, स्वतः बसायला.

"मन्सूरभावजींना नेलं. परवा. त्यांनी कोणत्यातरी युनियनचं छपाईचं चक्री यंत्र दुरुस्त करून दिलं होतं. त्यावर पत्रकं छापली म्हणे. यंत्रावर दुकानाच्या नावाची पट्टी होती."

"कुठे ठेवलंय?"

"येरवड्यालाच. घरामागे."

म्हणजे तो आता त्याच भिंतीच्या आत, आणि त्याच्या अंगणातून भिंतीकडे जाणारा बोळ. सापडला तर काय म्हणतील ते सांगायला नको. यंत्राचं प्रकरण महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. बोळ सापडला तर मन्सूर परत दिसायचा नाही.

"अजून काय म्हणाल्या?"

हेमाने माझ्याकडे बघितलं. कपाटाकडेही बघितलं. "म्हणाल्या, तुम्ही तिकडे फिरकू नका. तुमची गरज नाही."

हायसं वाटलं. लिहायला नको, पण वाटलं. आता त्यांनीच सांगितल्यावर जाणं बरं दिसत नाही.

गुरुवार, १७ जुलै

दाराची कडी वाजली की पोटात गोळा येतो. सकाळी दूधवाला, तेव्हा आला. दुपारी कचेरीत शिपायाने 'साहेबांनी बोलावलंय' म्हटलं तेव्हा आला. साहेबांना रजेचा तक्ता हवा होता.

संध्याकाळी लकडी पुलावरून होकायंत्र नदीत टाकलं. पाणी चढलंय म्हणून बघे उभे होते. शेजारचा एक म्हणाला, "काय हो टाकलंत?" मी म्हटलं, निर्माल्य. तो म्हणाला, "टणक दिसलं." या शहरात माणसाला नीट घाबरूही देत नाहीत.

मन्सूरला विचारत असतील, रविवारी तुझ्याकडे कोण येतं? तो किती दिवस गप्प राहील?

बुधवार, २३ जुलै

आषाढीपासून हेमा दुपारी चातुर्मासाच्या प्रवचनाला जाते. मी म्हटलं, जा, जिवाला बरं वाटेल. कोणाच्या तरी जिवाला तरी बरं वाटू दे. कधी कधी माझ्यानंतर घरी येते आणि मग जेवायला खिचडीच असते. मी तक्रार करत नाही. भूकच नाही मला. ती मात्र हल्ली दोन वेळा वाढून घेते.

सोमवार, २८ जुलै

हेमाच्या पातळाचा काठ चिखलाने माखलेला होता. प्रवचन देवळाच्या आवारात असतं, तिथे फार राड झालीय म्हणाली. कंबर धरलीय, माझ्याकडून बाम चोळून घेतला. मी म्हटलं, इतका वेळ मांडी घालून कशाला बसायचं? भिंतीला टेकावं. ती उशीत तोंड घालून हसली की कण्हली, कळलं नाही.

आणि हातात काचेच्या बांगड्या नाहीत. फक्त पाटल्या. सवाष्णीचे हात रिकामे म्हणजे कसलं लक्षण! विचारलं तर म्हणाली, "धुण्यात पिचल्या. भरते सवडीने." आजच भर म्हटलं. म्हणाली, "आज भरून उद्या पुन्हा पिचतील."

रविवार, ३ ऑगस्ट

रात्रीपासून पाऊस थांबायचं नाव नाही. हेमा आजही गेली. मी म्हटलं, "रविवारीही प्रवचन?" म्हणाली, "महाराजांना रविवार नसतो."

घरात एकटाच. पागोळ्यांचा आवाज ऐकतोय आणि डोळ्यांपुढे वांग्यांची शेती. आता खचेल. आता खचली असेल. शिपाई वाकून बघतोय. कुंपणापर्यंत चालत येतोय. रझियावहिनी एकट्या काय करणार? बल्ल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. शेवटच्या दोन तर मीच घाईत ठोकल्या होत्या, पाचर न मारता.

तीन वाजता उठलो, चपला घातल्या, छत्री घेतली, बसच्या थांब्यापर्यंत गेलो. येरवड्याची बस आली. दारात पाय ठेवला आणि दांडा धरून तिथेच अडलो, मागच्या माणसाने ढकललं. मी खाली उतरलो. बस गेली. दुसरी आली, तीही गेली. परत आलो तर पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. हेमा आली तेव्हा तिचंही तसंच. तिने माझ्या चपलांकडे बघितलं. "बाहेर गेला होतात?" मी म्हटलं, दूध आणायला. तिने दूध कुठे आहे विचारलं नाही.

मी भित्रा आहे. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, ते लिहिलं.

नागपंचमी

आज हेमा घरी. मी म्हटलं, प्रवचनाला सुट्टी? ती मेंदी लावून बसली होती, तळहाताला फोड आलेत त्यांवर गार वाटतं म्हणाली.

"आज खणायचं नसतं," ती म्हणाली.

"कोण खणतंय?"

"कोणी नाही. शास्त्र सांगितलं."

मंगळवार, १९ ऑगस्ट

हेमा दिवेलागणीला आली, देवापुढे निरांजन लावलं आणि तिथेच जमिनीवर झोपली. जेवायला उठवलं तर म्हणाली, "प्रवचन संपलं."

मी म्हटलं, "असं कसं? चातुर्मास कार्तिकापर्यंत असतो."

"महाराजांचं काम झालं." आणि लगेच घोरायला लागली. वीस वर्षांत तिला घोरताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मंगळवार, २ सप्टेंबर

कचेरीत शिर्के म्हणाला, तुरुंगाच्या आसपासची घरं तपासतायत. "कोणी काही फेकतं म्हणे आत, चिठ्ठ्या वगैरे." मी उठून संडासात गेलो आणि अर्धा तास बाहेर आलो नाही. हेडक्लार्कने शिपाई पाठवला.

घरी हेमाला सांगितलं, "येरवड्याला झडती आहे." ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "होऊ दे की."

"अगं, मन्सूरच्या घराची होईल!"

"कांदे साठवलेत म्हणे त्यांनी. बघतील कांदे."

इतकी निर्धास्त बाई मी बघितली नाही. अर्थात तिला माहीत नाही म्हणून. माहीत असतं तर तिच्याही तोंडचं पाणी पळालं असतं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आठवड्यांमागून आठवडे गेले, कोणी आलं नाही. झडतीचं काय झालं, विचारणार कोणाला?

ईद झाली. शाळेपासून आजवर पहिल्यांदा मी मन्सूरकडे गेलो नाही. संध्याकाळी ओट्यावर डबा दिसला. शीरखुर्मा. हेमा म्हणाली, रझियाबाईंनी पाठवला. मी वाटी हातात घेऊन बसलो. घशाखाली उतरेना. मग उतरला.

रविवार, २६ ऑक्टोबर

मन्सूर सुटला.

सकाळी दहाला दार वाजलं. हेमाने दार उघडलं आणि आत वळून म्हणाली, "अहो, मन्सूरभावजी." अर्ध्याने झालाय. दाढी पांढरी. मी उठेपर्यंत त्याने मला मिठी मारली आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. मला वाटलं आता तो विचारणार, कुठे होतास?

तो म्हणाला, "दीनू, तुझं डोकं मानलं बाबा."

मी त्याच्यापुढे पाट सरकवला.

"आत पाऊस पडला की बराकीतले सगळे खूश व्हायचे, उकाडा गेला म्हणून. मी एकटा कपाळाला हात लावून. माझ्या डोक्यात वांगी. चौकशीला नेलं की विचारायचे, रविवारी घरी कोण येतं? मी म्हणायचो, कोणी नाही, मी पंप उघडून बसतो. मार नाही दिला फारसा. पण वाटायचं, आज नाही तर उद्या शेत खचणार आणि संपलं सगळं. मग रझिया भेटीला आली. शिपाई शेजारी उभा. ती म्हणाली, 'दीनूभाऊंनी वहिनींना पाठवलंय. अंगणातली माती सारखी करतोय आम्ही दोघी.' त्या दिवशी पहिल्यांदा झोपलो मी."

मी हेमाकडे बघितलं. ती चहा गाळत होती.

"रझिया तुला बोलवायला आली होती, ठाऊक आहे मला. पण तू म्हणालास, मी आलो तर कोपऱ्यावरच धरतील, हेमा येईल. बरोबर केलंस. पुरुष दिसला असता तर हवालदाराने दहा प्रश्न विचारले असते. डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाईकडे कोण बघतो? अंगण हातभर खाली नेलं दोघींनी. पाणी तुंबतं म्हणून उतार काढतोय म्हणाल्या, शेजारच्या बायकांनीही दोन दिवस हात लावला! मुरूम मागायला कुठे जावंच लागलं नाही. आपण दोघं चार वर्षं त्या अंगणात बसून चहा प्यायलो आणि आपल्याला सुचलं नसतं. कुंपणापलीकडचं सगळं मुसळाने ठासून भरलंय. वहिनी पुढे जायच्या आणि रझिया मागून घमेली सारायची. कुंपणाखाली दगड रचले, लिंपले. अलीकडे उरला तो आपला एकाहत्तरचा खंदक, त्यात कांदे. झडतीवाला आत वाकून आला, म्हणाला, गारवा छान आहे."

वहिनी पुढे जायच्या. माझ्या त्या बिनपाचरीच्या बल्ल्यांखाली. त्या तीन तारखेच्या पावसात.

मन्सूरने माझा हात धरला. "स्वतःची बायको पाठवायला काळीज लागतं. माझ्या भावाने नसती पाठवली."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, देवाला ठाऊक. हेमा कप घेऊन आली आणि मन्सूरपुढे ठेवत म्हणाली, "हो ना. ह्यांनीच सांगितलं, जा म्हणून. मी तर घाबरत होते."

तो चहा पिऊन, पुन्हा एकदा मिठी मारून गेला. मी जिन्यापर्यंत पोचवायला गेलो आणि परत येऊन दाराला टेकून उभा राहिलो. हेमा कप विसळत होती.

"तुला बोळाचं कसं कळलं?"

"चार वर्षं तुमच्या अंघोळीचं पाणी मोरीतून लोटतेय. रमी खेळून कानात मुरूम जात नाही."

"आणि रझियावहिनी म्हणाल्या होत्या की माझी गरज नाही, ते?"

"ते मी म्हटलं. त्या रडत होत्या, आणि आतून तुमचा खोकला येत होता. तेव्हा खरा आला."

एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. म्हटलं, "मग त्याला आता खोटं कशाला सांगितलंस? कळू द्यायचं होतं काय ते."

"भावजी तीन महिने त्या एका गोष्टीवर तग धरून होते. बाहेर आपला दोस्त आहे, तो बघून घेईल. ती आता काढून घेऊन कोणाचं भलं होणार होतं? तुमचं?"

रात्री दारावर थाप पडेल म्हणून मी चार महिने झोपलो नाही. ती भीती आज गेली. आता मला मन्सूरची भीती वाटते. तो पुढच्या रविवारी जेवायला बोलावून गेलाय, पुन्हा माझे हात हातात घेईल, चार लोकांत सांगेल, आणि मला हसून ऐकून घ्यावं लागेल. जन्मभर.

मी हेमाला विचारलं, "आणि तुला काय वाटतं? माझ्याबद्दल?"

तिने मोरीतले धुतल्या कपड्यांचे पिळे खांद्यावर टाकले, बादली उचलली. मी अजून दारातच उभा होतो.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "कपडे वाळत घालायचेत."

मी बाजूला झालो.